खुबा आणि ‘वात’

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आम्ही छाती फुगवून सांगतो. त्या जर्मनीत १८९० च्या सुमारास थेमिस्टोक्लेस ग्लुक या शल्यवैद्याने क्षयाने खाल्लेल्या सांध्यांच्या जागी हस्तिदंती सांधे बसवून पाहिले. ते टिकले नाहीत. १९६२ साली इंग्लंडात जॉन चार्न्ली यांनी धातूचा गोळा, प्लास्टिकची वाटी आणि दंतवैद्यांचे सिमेंट यांचा खुबा सिद्ध केला, आणि खिळलेली माणसे चालू लागली. याला साठ वर्षे उलटली. आणि आम्ही परभणीकर अजून एरंडेल चोळीत बसलो आहोत!

माझे भांडण ‘वात आहे’ या दोन शब्दांशी आहे. कापूस वेचणारी बाई म्हणते, गुडघा धरला. परंतु खुब्याचे दुखणे मोठे लबाड. ते जांघेत उठते आणि गुडघ्यात बोलते. गुडघ्याचा फोटो स्वच्छ येतो, आणि बाई सोंग करते असे घरात ठरते! वास्तविक खुणा डोळ्यांपुढे असतात. मांडी घालता येत नाही, पायाच्या नखापर्यंत हात पोचत नाही, उकिडवे बसवत नाही, चालताना अंग एका बाजूला झुकते, रात्री कूस बदलताना जीव कासावीस होतो.

त्याहून संताप येतो तो बिननावाच्या पुडीचा. दुखणे तिसऱ्या दिवशी पळते आणि देणारा धन्वंतरी ठरतो. अशा पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड असते. ते फार दिवस पोटात गेले, की मांडीच्या हाडाच्या गोळ्याचे रक्त आटू शकते. मग हाड मरते आणि गोळा खचतो. अतिरिक्त दारूही हेच करते. तेव्हा पस्तिशीच्या लंगडणाऱ्या गड्याला कसला आला वात? वेळीच एमआरआय केला, तर कधी कधी मूळचा गोळाही वाचतो.

‘कृत्रिम सांध्यात फसगत होते’ असे कोणी म्हणेल. झालीही आहे. धातूवर धातू घासणारे ‘एएसआर’ खुबे २०१० साली कंपनीला जगभरातून परत मागवावे लागले. रक्तात कोबाल्ट उतरत होते. म्हणून बसवलेल्या सांध्याची बनावट आणि क्रमांक लिहून मागावा. शस्त्रक्रियाच नाकारणे हा त्यावर उपाय कसा?

शस्त्रक्रियेनंतर बहुधा खाली बसणे वर्ज्य असते. पाहुण्यांसाठी सोफा घेणारे आमचे घर आईसाठी कमोड बसवताना मात्र हिशेब मांडते!

यंदा फराळाला सगळे पाटावर बसतील, तेव्हा कोण ‘मी उभ्यानेच खाते’ म्हणते ते पाहा. पाडवा झाला की तिला घेऊन जा, आणि गुडघ्याबरोबर खुब्याचाही फोटो काढायला सांगा.