वखारीत राहिलेला उत्तम माल

व्यापारात पत वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून मिळते. जालन्याच्या मोंढ्यातील जुन्या पेढ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. क्रिकेटमध्ये मात्र खेळाडूचे मोल पुष्कळदा एकाच प्रश्नावर ठरते : तो भारताकडून खेळला का? पद्माकर शिवलकर यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

१४ एप्रिल १९४० रोजी जन्मलेले शिवलकर मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीच्या १२४ सामन्यांत त्यांनी ५८९ बळी मिळविले आणि प्रत्येक बळीमागे सरासरी २० धावाही दिल्या नाहीत. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात, चेपॉकच्या मैदानावर, त्यांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी बाद केले. तमिळनाडूचे डाव ८० व ६१ धावांत आटोपले.

मग कसोटीची संधी का मिळाली नाही? १९६६ ते १९७९ या काळात बिशनसिंग बेदी ६७ कसोटी खेळले आणि त्यांनी २६६ बळी घेतले. संघात डावखुऱ्या फिरकीला जागा बहुधा एकच असे आणि बेदी त्या जागेस सर्वथा पात्र होते. हरियाणाचे राजिंदर गोयल यांच्याही वाट्याला हेच आले. मागणी एका नगाची असेल, तर दुसऱ्याचा उत्तम माल वखारीत राहतो. म्हणून त्याची प्रत उतरत नाही.

शिवलकर मुंबईसाठी तितक्याच निष्ठेने गोलंदाजी करीत राहिले. निवृत्तीनंतर, १९८७-८८ मध्ये, संघाने बोलाविले तेव्हा ४७ व्या वर्षी ते पुन्हा मैदानात उतरले. सुनील गावस्कर यांनी आपल्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकात शिवलकर व गोयल या दोघांनाही कसोटीवीरांच्या पंक्तीत स्थान दिले. २०१७ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार प्रदान केला. ३ मार्च २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

घरातील मुलाचे वा मुलीचे नाव निवड यादीत आले नाही, की ‘इतकी वर्षे वाया गेली’ हा उद्गार वडीलधाऱ्यांच्या तोंडून सहज निघतो. तो उच्चारण्यापूर्वी ५८९ बळींचे हे खाते एकदा उघडून पाहावे. यादी करणे दुसऱ्याच्या हाती असते. उद्या सकाळी पुन्हा सरावाला जाणे त्या मुलाच्या हाती असते, आणि त्याला जाऊ देणे घराच्या.