नाव रत्नागिरीचे, फळ कोठले?

चैत्र लागला की मुंबई-पुण्याच्या बाजारांत ‘रत्नागिरी हापूस’ अशी अक्षरे मिरविणाऱ्या पेट्यांच्या थप्प्या लागतात. त्यांतील एकूणएक फळ रत्नागिरीच्या कातळावर पिकलेले असते, यावर आता कोणी भाबडाही विश्वास ठेवीत नाही. कर्नाटकाचा आंबा कोकणच्या नावाने व कोकणच्या भावाने खपविला जातो, ही बागायतदारांची तक्रार जुनीच आहे.

यावर विक्रेत्यांचे उत्तर ठरलेले: कलम तेच, जात तीच; मग नावावरून एवढा गहजब कशाला? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. कलम हे मूळ झाडाचेच अंग. ते कोठेही लावले तरी त्याचे कुळ पालटत नाही. परंतु कुळ म्हणजे सर्वस्व नव्हे. जांभ्याची निचऱ्याची जमीन, खारा वारा, चार महिन्यांचा मुसळधार पाऊस आणि त्यामागून येणारा कोरडा काळ यांचा संस्कार झाल्यावाचून हापुसाचा हापूसपणा सिद्ध होत नाही. भूमीचे गुण फळात उतरतात, तसे दोषही उतरतात. हापुसात साका होतो, त्याचे एक कारण तापलेल्या जमिनीची धग हेच सांगितले जाते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ साली नीलम व हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही साक्यापासून मुक्त जात दिली. तरी गिऱ्हाईक मागते ते हापूसच!

फ्रान्समधील शांपेन प्रांतात हाच प्रश्न द्राक्षांच्या मद्यासंबंधी उभा राहिला होता. बाहेरची स्वस्त द्राक्षे आणून व्यापारी शांपेनच्या नावाने मद्य विकू लागले, तेव्हा १९११ साली तेथील द्राक्षबागायतदार दंगलीस प्रवृत्त झाले. पुढे कायद्याने प्रांताच्या सीमा आखल्या आणि त्या नावाचा हक्क त्या मातीला मिळाला. आपल्याकडे भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ साली झाला व २००३ पासून अमलात आला. गोव्याच्या काजू फेणीला आणि नाशिकच्या वाइनला त्याचे संरक्षण लाभले. हापुसाला ते ऑक्टोबर २०१८ मध्ये मिळाले, तेही पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पाच जिल्ह्यांना मिळून.

देवगड श्रेष्ठ की रत्नागिरी, हा वाद घरातलाच. १९८१ पर्यंत दोन्ही एकाच जिल्ह्यात नांदत होती. पण पाच जिल्ह्यांना ‘हापूस’ हे नाव मिळाले म्हणून पाचांनीही पेटीवर ‘रत्नागिरी’ छापावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

खरी मेख निराळीच आहे. मानांकनाचा लाभ घेण्यासाठी बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. ज्याची बाग मोहोरातच खंडाने गेली, किंवा ज्याची पेटी वाशीच्या दलालाच्या हवाली झाली, त्या लहान बागायतदाराला त्या नोंदीचे अगत्य का वाटावे? नावाचे मोल वसूल करणारा दुसराच असतो. म्हणून पेटीवर गावाचे नाव व नोंदणी क्रमांक सक्तीचा करावा आणि त्याची तपासणी बाजार समितीच्या दारातच व्हावी. कोकणची छापील रिकामी खोकी परप्रांतीय मालासाठी वापरणाऱ्यांवरही कारवाई व्हावी. यात कर्नाटकाच्या बागायतदाराचेही अहित नाही. आज त्याचा उत्तम आंबादेखील परक्या नावाने विकला जातो आणि त्याच्या गावाचे नाव गिऱ्हाइकाच्या कानी कधी पडतच नाही.