शब्द कोणाशी जोडला?

मालगुंड म्हटले की केशवसुत आठवतात. त्यांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांचे नाव मात्र रत्नागिरीच्या शाळांतही क्वचितच निघते. 1911 मध्ये त्यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आमची मुले इंग्रजीत जिथे अडखळतात, तिथली वाट अशा व्याकरणविचारातच सापडते.

पाणिनीने सहा कारके मानली. ज्याचा संबंध क्रियेशी, ते कारक. षष्ठी, म्हणजे 'चा-ची-चे'ची विभक्ती, नामाला नामाशी जोडते, म्हणून ती कारकांत बसत नाही. हा शब्द क्रियेचा की नामाचा, हा प्रश्न आपल्याकडे इतका जुना आहे.

1805 मध्ये विल्यम केरी यांनी मराठीचे व्याकरण इंग्रजीतून लिहिले. 1836 मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण आले, तेही इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. पुढे शाळाशाळांतून 'इन' म्हणजे आत, 'ऑन' म्हणजे वर असे पाठ होत राहिले आणि तो जुना प्रश्न मागे पडला.

'ही सॉ द बोट ॲट द जेट्टी' हे वाक्य घ्या. त्याने जेट्टीवर होडी पाहिली, की जेट्टीवरची होडी पाहिली? पहिल्या अर्थात 'जेट्टीवर' हे पाहण्याचे ठिकाण आहे, दुसऱ्यात ती होडीची ओळख. इंग्रजी दोन्हींसाठी एकच रूप वापरते. मराठी 'चा-ची-चे' लावून भेद उघड करते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातले शाळेत न गेलेले पोरही यात चुकत नाही.

काही वेळा तर प्रत्यय क्रियापदच मागून घेते. आई मुलावर रागावते, मूल काळोखाला घाबरते. त्या 'वर'मध्ये उंची नाही. ते रागावण्याने मागितलेले रूप आहे. इंग्रजीत मुलावरच्या रागाला 'विथ' लागतो आणि काळोखाच्या भीतीला 'ऑफ'. म्हणून 'वर'ला 'ऑन' लावून भाषांतर केले की वाक्य बिघडते. दोष मुलाच्या बुद्धीचा नसतो, शब्दागणिक अर्थ पाठ करून घेण्याचा असतो.

इंग्रजी शिकवण्यासाठी मराठी बाजूला सारावी लागते, हा समज आता सोडायला हवा. मुलाला जे आधीच येते, त्यावरच नवी भाषा उभी राहते. शिक्षकांना एवढीच विनंती: 'ॲट'चा अर्थ सांगण्याआधी फळ्यावर 'जेट्टीवर' आणि 'जेट्टीवरची' ही दोन रूपे लिहा आणि मुलांना विचारा, हा शब्द कोणाशी जोडला आहे?