वेगाची हमी कोणासाठी?

मुंबईहून पुणे पंचवीस मिनिटांत! फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईत भरलेल्या गुंतवणूक परिषदेत ही घोषणा झाली. परिषदेचे नावही ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ असेच होते. निर्वात नळीतून, चुंबकशक्तीने अधांतरी तरंगत धावणारी ही गाडी व्हर्जिन हायपरलूप ही अमेरिकी कंपनी उभारणार होती. २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाने तिला सार्वजनिक पायाभूत प्रकल्पाचा दर्जा दिला. त्या वेळी जगात कोठेही अशा गाडीने एकही प्रवासी नेलेला नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये नेवाडाच्या वाळवंटात प्रथम माणसे बसवून चाचणी झाली, तीही पाचशे मीटरच्या नळीत. २०२३ च्या अखेरीस कंपनीनेच गाशा गुंडाळला. मुंबई-पुण्याची ती गाडी कागदावरच राहिली.

सरकारने रेल्वेच्या पाठीशी उभे राहूच नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. आपण तर जुन्या हैदराबाद संस्थानचे लोक. आपल्या रेल्वेचे नावच ‘निझाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’ असे होते. कंपनीच्या भांडवलावर ठरावीक व्याज मिळेल, अशी हमी संस्थानच्या तिजोरीने दिली होती. त्या हमीचा भार रयतेनेच वाहिला. पण तिच्या पदरात काही पडलेही. १९०० च्या सुमारास सिकंदराबादहून मनमाडला जाणारा लोहमार्ग नांदेड-औरंगाबादवरून गेला. पुढे त्याच मार्गावरील मुदखेडहून एक फाटा फुटला आणि किनवटमार्गे आदिलाबादला पोहोचला. आपल्या कितीतरी घरांच्या सोयरिकी, शिक्षणे आणि नोकऱ्या त्या फाट्यावर उभ्या राहिल्या आहेत.

वादाचा मुद्दा नेमका इथेच आहे. साध्या रुळाला फाटा फुटतो. त्यावरून मालगाडी जाते, पॅसेंजर जाते, एक्सप्रेसही जाते. आज छोटे असलेले स्थानक उद्या जंक्शन होऊ शकते. चुंबकीय गाडीचा मार्ग मात्र केवळ तिचाच असतो. देशातील दुसरी कोणतीही गाडी त्यावर चढू शकत नाही आणि ती गाडी आपला मार्ग सोडून पुढे जाऊ शकत नाही. शांघायचे उदाहरण पाहावे. तेथील गाडी ताशी ४३१ किलोमीटर वेगासाठी जगभर गाजली. पण विमानतळापासून शहराच्या कडेपर्यंतचे तीस किलोमीटर हीच तिची धाव. हांगचौपर्यंत ती नेण्याची योजना मागे पडली. ज्या जर्मनीत ते तंत्र जन्मले, तिथेही म्युनिक विमानतळाचा असाच प्रकल्प खर्च फुगल्यामुळे २००८ मध्ये सोडून द्यावा लागला.

जपानचे काय, असे कोणी विचारील. टोकियो ते नागोया हा मार्ग तेथील रेल्वे कंपनीने प्रथम स्वतःच्या पैशाने बांधायला घेतला. २०१६ मध्ये सरकारने पुढाकार घेऊन तीन लाख कोटी येनचे कर्ज तिला उपलब्ध करून दिले. बोगद्यामुळे ओई नदीचे पाणी घटेल, या भीतीने शिझुओका प्रांताने दीर्घकाळ संमती रोखली आणि २०२७ चा मुहूर्त टळला. इतक्या धनवान आणि शिस्तप्रिय देशाची ही कथा, तर आपली काय होईल?

विज्ञानाला आपण पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. मद्रासच्या आयआयटीत रेल्वे मंत्रालयाच्या साहाय्याने हायपरलूपची ४२२ मीटरची चाचणी नळी उभी राहिली आहे. असे संशोधन अवश्य व्हावे. ते फसले तरी त्यातून ज्ञान उरते. पण प्रयोगाला पैसा देणे वेगळे आणि प्रयोग सिद्ध होण्यापूर्वीच त्याला सार्वजनिक प्रकल्प म्हणून गौरवणे वेगळे. पहिले दातृत्व आहे, दुसरे भाबडेपण.

नेरडीगोंड्यात बसून मी हे लिहितो आहे, त्यामागे एक कारण आहे. आपल्या गावावरून राष्ट्रीय महामार्ग जातो, रेल्वे जात नाही. निर्मळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही स्थानक नाही. आदिलाबादहून निर्मळ, आर्मूरमार्गे थेट दक्षिणेला जाणाऱ्या लोहमार्गाची मागणी किती जुनी आहे, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. सर्वेक्षणांच्या बातम्या येतात आणि विरतात. रात्री-अपरात्री रुग्णाला हैदराबादला न्यायचे, तर महबूब घाट उतरून रस्त्यानेच जावे लागते. रेल्वेने जायचे, तर आधी उलट दिशेला आदिलाबाद, मग पश्चिमेला मुदखेडचा वळसा.

मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये लोहमार्ग आहे, द्रुतगती महामार्गही आहे. तिथे अडीच-तीन तासांचे पंचवीस मिनिटे करणे ही सोय ठरेल. निर्मळला पहिली गाडी पोहोचणे ही गरज आहे. हमी जनतेच्या पैशाची असेल, तर गरजेचा मान पहिला असला पाहिजे. ज्यांना तरंगत जायचे असेल, त्यांनी स्वतःच्या भांडवलावर खुशाल तरंगावे. दुसरीकडे कोठेतरी दोन शहरांमध्ये ती गाडी काही वर्षे नीट धावली, तिचा हिशेब जुळला, तर आपणही तिचा विचार करू.

तोवर लोकप्रतिनिधी मते मागायला आपल्या ओसरीवर येतील, तेव्हा वेगाच्या गप्पा ऐकून घेऊन त्यांना एवढेच विचारावे : निर्मळच्या मार्गाला तरतूद किती आणि काम कोणत्या वर्षी सुरू होणार?