लाल बावट्याचा छापखाना

कर्जत-खालापूरकराला अलिबाग तसं परकंच. कर्जत आणि खालापूर १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, आणि आजही इथलं घड्याळ चालतं ते मुंबईच्या लोकलवर. अलिबागला जायचं ते कोर्टाच्या, नाहीतर कलेक्टर कचेरीच्या कामाला. पण भाताची शेती करणाऱ्या आमच्या भागानं अलिबागचा एक पेपर नीट ओळखून घ्यायला हवा.

२७ ऑक्टोबर १९३३ ला अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवलं. पुढारी होते नारायण नागू पाटील. पंचवीस गावं सहा वर्षं त्या शब्दाला जागली. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. १९३७ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्याच साली नारायण नागूंनी ‘कृषीवल’ काढला. संपाला धान्य लागतं तशी बातमीही लागते. कोणतं गाव टिकलंय, कोण फुटलंय, हे शेजारच्या गावाला खोताच्या माणसाकडून कळू लागलं की संप बुडालाच.

पुढे या घराची वाट विधिमंडळातच गेली. मुलगा दत्ता पाटील विरोधी पक्षनेते, नात मीनाक्षी पाटील राज्यमंत्री, नातू जयंत पाटील २०२४ पर्यंत विधान परिषदेत. पेपर शेतकरी कामगार पक्षाचा, म्हणजे लाल बावट्याच्या शेकापचा, हे कुणी लपवलं नाही. मला ते आवडतं. तालुक्याची ‘निःपक्ष’ साप्ताहिकं पाहा: आत जाहीर नोटिसा, वर ज्याचा वाढदिवस त्याचा फोटो.

विरोधात असताना आमदार-संपादकाचं बरं चालतं. सकाळची बातमी दुपारी सभागृहात प्रश्न होऊन उभी राहते. खरी पंचाईत सत्तेत. १९९९ ला शेकाप सरकारात गेला. अशा वेळी घरच्या पेपरात समुद्राचं पाणी अडवणारी खारबंदिस्ती फुटल्याची बातमी किती कॉलमांची लावायची, हे ठरवणाऱ्या उपसंपादकाच्या जागी मला बसायला आवडलं नसतं.

आमच्याकडे आता उमेदवार पेपर काढत नाहीत, फ्लेक्स लावतात. पेपरावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापण्याची सक्ती किमान १८६७ च्या कायद्यापासूनची. फ्लेक्सवर शुभेच्छुक म्हणून ‘समस्त ग्रामस्थ’ लिहिलं की भागतं. चरीच्या खोताला दावा ठोकायचाच असता, तर निदान कुणावर ठोकायचा ते छापलेलं होतं.