आधी मात्रा, मग कागद

मोडलेले हाड कातडी फाडून बाहेर आले, की त्यास उघडा अस्थिभंग म्हणतात. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत यंत्राखाली सापडलेला कामगार आणि पुण्याच्या रस्त्यावर कोसळलेला दुचाकीस्वार यांना या जखमेचे भय नित्याचेच. तिच्यातील खरा शत्रू म्हणजे हाडात शिरणारे जंतू. हाडात एकदा पू झाला, की पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया, बुडालेली मजुरी आणि प्रसंगी पाय गमावणे, हेच कष्टकऱ्याच्या वाट्याला येते.

यावरचा उपाय नवा नाही आणि महागही नाही. १९७४ साली अमेरिकेत पात्झाकिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रतिजैविकाविना राहिलेल्या जखमांपैकी शेकडा सुमारे १४ चिघळल्या; सेफॅलोथिन दिल्यावर हे प्रमाण शेकडा सुमारे २ वर आले. आज सेफाझोलिनसारखे औषध शक्यतो तासाभरात शिरेतून द्यावे, असा वैद्यकाचा दंडक आहे. मात्र जखम शस्त्रक्रियेने स्वच्छ करण्याचे काम औषध करीत नाही. शिवाय, प्रतिबंधासाठी दिलेले हे औषध तीन दिवसांपलीकडे विनाकारण रेटल्यास त्याला दाद न देणारे जंतूच पोसले जातात.

मग घोडे अडते कोठे? अनामत रकमेपाशी, पोलिसी कागदांपाशी आणि एका इस्पितळातून दुसऱ्यात होणाऱ्या रवानगीत. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट बजावले होते, की जखमीवर उपचार आधी, कायद्याचे सोपस्कार नंतर. न्यायालयाचा हा शब्द दाराशी आलेल्या प्रत्येक जखमीपर्यंत पोहोचतो काय?

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली याच परिसरात, पिंपरीस, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. जीवरक्षक औषध ही समाजाची जबाबदारी आहे, हा त्यामागचा विचार होता. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच कारखान्याची जादा जमीन आणि मालकी विकण्याचा निर्णय घेतला. त्या विचाराची बूज किती राहिली, हे त्यावरून दिसते.

म्हणून मागणी साधी आहे. कारखान्याचा दवाखाना असो, ग्रामीण रुग्णालय असो वा ससून, जखमी ज्या दारी प्रथम पोहोचेल तेथेच पहिली मात्रा मिळावी आणि तिची वेळ कागदावर नोंदली जावी. कामगार संघटनांनी सुरक्षेच्या मागणीपत्रात हे कलम घालावे. औषध कपाटात असून रोग्याला तासभर उशिरा मिळत असेल, तर तो दोष विज्ञानाचा नव्हे, व्यवस्थेचा आहे.