माका आणि एकदांडी

पावसाळा सरत आला की खानदेशातील शेतांचे बांध इवल्याशा फुलांनी भरून जातात. घरच्या तेलासाठी माका आणावयास निघालेल्या माणसाच्या पिशवीत अशा वेळी पुष्कळदा एकदांडी येते. दोन्ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातील; दोहोंची पाने समोरासमोर व खरखरीत. शिवाय दोहोंचे ‘एक फूल’ म्हणजे वस्तुतः अनेक सूक्ष्म फुलांचा मेळावा. म्हणून ओळख करून घ्यावी लागते ती बारकाव्यांनी.

माक्याचे फूल लहान, आखूड देठाचे. कडेच्या पाकळ्या पांढऱ्या, बारीक आणि पुष्कळ. पान अरुंद, भाल्याच्या पात्यासारखे. एकदांडीचे फूल मात्र वीतभर उंच, सडपातळ दांड्यावर एकटेच डोलते. तिचे नावच त्यावरून पडले. मध्य पिवळा, भोवती मोजक्या फिकट पाकळ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. पानांच्या कडाही खोल दातेरी असतात.

जागाही बोलकी असते. माक्याला ओल हवी. यावल-रावेरच्या केळीबागांतील पाटांच्या कडा किंवा पांझरेच्या फड बागायतीचे चर त्याला मानवतात. एकदांडी मुरमाड बांधावर, रस्त्याकडेला, भिंतीच्या फटीतही तग धरते. तिच्या बीला केसाळ पिसारा असल्याने ते वाऱ्यावर दूर जाते. माक्याच्या बीला तसा पिसारा नाही.

आयुर्वेदातील भृंगराज तो माका. एकदांडी मूळची उष्ण अमेरिकेतील; पुढे ती येथे इतकी रुळली की तिला दगडी पाला, कंबरमोडी अशी घरगुती नावे मिळाली. खेड्यांत किरकोळ खरचटल्यावर तिचा रस लावतात, फुलपाखरेही तिच्यावर रमतात. तेव्हा ती निरुपयोगी नव्हे. पण ती माका नव्हे.

संशय आलाच तर एक पान चुरगळून पाहावे. माक्याचा रस हवा लागताच थोड्या वेळात काळसर होतो, बोटेही काळवंडतात. ही परीक्षा ओल्या पाल्याचीच. बाजारात भृंगराज म्हणून एकदांडी विकली गेल्याची उदाहरणे आहेत आणि एकदा चूर्ण झाले की पान, फूल, दांडा यांतले काहीच डोळ्यांना दिसत नाही. म्हणून वाचकहो, माका हिरवा असतानाच पाहून घ्यावा, खात्री पटल्यावर लागेल तेवढाच खुडावा आणि ओळख न पटलेले रोप जागच्या जागी राहू द्यावे.